गुरूचे चार चंद्र आर्डुइनोवर: आयो सहा तास हलतच नाही, मग एकदम उडी मारतो

मिरजकर_११४

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहितोय आणि अडकलोय म्हणूनच लिहितोय. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पोरांबरोबर एक डबी बनवतोय. आत आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल आणि पुढे छोटा डिस्प्ले. मधे गुरूचा गोल आणि आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो असे चार ठिपके आत्ता या क्षणी जिथे असतील तिथे दिसले पाहिजेत. इंटरनेट नाही, कारण प्रदर्शनाच्या हॉलमधे रेंज नसते आणि खरं सांगायचं तर मुलांना हे दाखवायचंय की हे कुठून डाउनलोड होत नाही, गणिताने निघतं.

गणित ज्याँ मेयस या खगोलगणित्यांच्या पुस्तकातलं छोटं रूप घेतलंय. म्हणजे १ जानेवारी २००० दुपारपासूनचे दिवस, त्याला प्रत्येक चंद्राची रोजची गती, वर थोड्या साइनच्या दुरुस्त्या. आयोला रोज २०३.४०५८६४६ अंश, युरोपाला १०१.२९१६३३५, गॅनिमीडला ५०.२३४५१८ आणि कॅलिस्टोला २१.४८७९८. ज्युलियन दिनांक (फार जुन्या आरंभापासून सलग मोजलेले दिवस) काढतो, त्यातून २४५१५४५ वजा करतो, पुढचं सगळं पुस्तकाप्रमाणे. अंशाचे रेडियन केलेत, ते तीनदा तपासलं.

आता गंमत बघा, डबी चालू करून ठेवली तर आयो जागचा हलत नाही. तास झाला, दोन तास झाले, चार झाले, ठिपका तिथेच. आणि मग कधीतरी एकदम टुणकन पुढे, जवळजवळ पन्नास अंश. युरोपाही तसाच उडतो पण निम्मा. घड्याळ बरोबर चालतंय, सेकंद दिसतात. दोन रात्री गेल्या यात, प्रदर्शनाला बारा दिवस उरलेत. कुणाला काही सुचतंय का?

सर्किटवाली

दादा, उड्या बरोबर सहा तासांनी पडतात का ते एकदा बघा. पडत असतील तर आजार सापडला.

दशांश संख्येसाठी उनोवर तुम्ही डबल (मोठा प्रकार) लिहिलं तरी ते फ्लोटच (छोटा प्रकार) असतं, चार बाइटचं. त्यात जेमतेम सात आकडे मावतात. आजचा ज्युलियन दिनांक २४ लाख ६१ हजारच्या घरात, म्हणजे सातही आकडे दशांशचिन्हाच्या आधीच संपले. एवढ्या मोठ्या संख्येला फ्लोटची सगळ्यात छोटी पायरी ०.२५ असते. पाव दिवस, म्हणजे सहा तास. तुमचं घड्याळ बिचारं सेकंद मोजतंय, पण बेरीज झाली की ते सेकंद गायब. सहा तासात आयो ५०.८५ अंश जातो, तीच तुमची उडी. युरोपाची २५.३.

आणि एक, नंतर २४५१५४५ वजा करून उपयोग नाही, जे गेलं ते आधीच गेलं. ज्युलियन दिनांक काढूच नका. २००० सालापासूनचे पूर्ण दिवस एका पूर्णांकात ठेवा आणि दिवसाचा अपूर्णांक वेगळ्या फ्लोटमधे. दोन्ही एकत्र करून साडेनऊ हजार पॉइंट काहीतरी असं केलंत तरी पायरी ८४ सेकंदांची राहते, आणि त्याला २०३ ने गुणलं की एकोणीस-वीस लाख अंश होतात, तिथे पायरी एक अष्टमांश अंशाची. डिस्प्लेवर ते दिसणार नाही कदाचित, पण वेगळं ठेवणं काही अवघड नाही मग कशाला उगाच.

मी असल्या ठिकाणी काय करते सांगते. पूर्ण वर्तुळ म्हणजे ३२ बिटचा अख्खा पूर्णांक धरायचा, २ चा ३२ वा घात म्हणजे ३६० अंश. आयोची रोजची गती त्या मापात २४२६७२६४९० येते. ती अनसाइन्ड लाँगमधे (३२ बिटचा, ऋण चिन्ह नसलेला पूर्णांक) ठेवून पूर्ण दिवसांनी गुणा, वरचे बिट वाहून जातील आणि जे उरेल तोच कोन. ३६० ने भागून बाकी काढायची गरजच नाही, ओव्हरफ्लो ते काम फुकटात करतो. गोळाबेरजेतली चूक रोज अर्ध्या एककापेक्षा कमी, साडेनऊ हजार दिवसांत ती अंशाच्या एक हजारांशापर्यंतसुद्धा जात नाही. मग अपूर्णांक दिवसाची गती फ्लोटमधे काढून मिळवा.

मिरजकर_११४

ताई, अगदी बरोबर सहा तास!! काल रात्री मुद्दाम नोंदी ठेवल्या. तुमच्यासारखं वेगळं केलं आणि आता ठिपके लोण्यासारखे सरकतात, फार बरं वाटलं.

पण अजून पूर्ण जमलेलं नाही. मोबाइलवरच्या स्टेलारियम या आकाशदर्शनाच्या अ‍ॅपशी ताडून बघितलं तर आयो भलतीकडे आहे, बराच पुढे गेलेला. युरोपाही पुढे पण तितका नाही. गॅनिमीड थोडासा, कॅलिस्टो जवळपास जागेवर. आकडे पुस्तकातून टाइप करताना चुकले असतील म्हणून सगळे परत वाचले, मुलाकडून वाचून घेतले, काही सापडत नाही.

धूमकेतू_नाशिक

घड्याळ भारतीय वेळेवर लावलंय ना? साडेपाच तास वजा करा.

जो चंद्र जितका वेगवान तितका जास्त चुकतोय याचा अर्थ कोन चुकलेला नाही, वेळ चुकलीये. साडेपाच तासात आयो ४६.६ अंश, युरोपा २३.२, गॅनिमीड ११.५ आणि कॅलिस्टो फक्त ४.९. हा साचा दिसला की समजायचं. दुपार-मध्यरात्रीचा घोळ झाला असता तर बारा तासांचा, म्हणजे आयो १०२ अंश चुकला असता, तो बहुतेक तुमचा नाहीये.

अहर्गण

उशिरा आलो या चर्चेत पण राहवेना. जरा लांबेल, चालवून घ्या.

सर्किटवालीताईंनी जे सांगितलं ना, की मोठ्या दिवससंख्येला गुणण्याआधीच ती लहान करा, ते आमच्या घरी पोथीत होतं. आजोबा रत्नागिरीकडे पंचांगाचं गणित करायचे, ग्रहलाघव या ग्रंथावरून. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, शके १४४२ म्हणजे १५२० सालचं काम. त्याआधीच्या ग्रंथांत अहर्गण, म्हणजे आरंभापासूनचे दिवस, कलियुगापासून नाहीतर त्याहून मागून मोजायचे आणि पाटीवर ते भलेमोठे गुणाकार करायचे. गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचं चक्र धरलं, ४०१६ दिवसांचं. किती चक्रं झाली ते आधी काढा, प्रत्येक ग्रहाचा एका चक्राचा ध्रुवक (चक्रामागे धरायचा कोन) ठरलेला, त्याने चक्रांना गुणा, आणि उरलेले दिवस चार हजारांच्या आसपासच राहतात. हाताने गणित करणाऱ्याला हेच हवं होतं आणि सात आकड्यांच्या फ्लोटलाही हेच हवंय. वर ज्या-चापाची (साइनची) कोष्टकंसुद्धा काढून टाकली त्यांनी, साध्या गुणाकार-भागाकारावर आणलं सगळं. मेमरी कमी असली की माणूस कुठे कुठे वाचवतो ते मला यात फार आवडतं.

आता मिरजकर, तुम्ही टाइप केलेलं सूत्र त्या नजरेने बघा, पोरांना समजावताना उपयोग होईल. डी म्हणजे अहर्गण. अहर्गण गुणिले गती अधिक सुरुवातीचा कोन, तो झाला मध्यम, म्हणजे सरासरी गतीने येणारी जागा. ते ५.५५५ साइन वालं बी आहे ना, ते गुरूचं मंदफल, गुरूची कक्षा लंबगोल असल्यामुळे येणारं. १.९१५ वालं ए हे पृथ्वीचं, म्हणजे आपण ज्याला रवीचं मंदफल म्हणतो ते. आणि साय, म्हणजे ज्याची साइन आर भागिले डेल्टा गुणिले साइन के येते तो कोन, हे हुबेहूब गुरूचं शीघ्रफल आहे (आर म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर, डेल्टा म्हणजे पृथ्वी-गुरू अंतर, के म्हणजे सूर्यावरून गुरू आणि पृथ्वी यांच्यामधला कोन). अंतर डेल्टा तोच शीघ्रकर्ण. गुरूवरून बघितलं तर सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधे किती कोन दिसतो तेवढाच हा आकडा, फार तर बारा अंश. आम्ही शीघ्रफल लावतो ते गुरू आकाशात कुठे दिसेल ते काढायला, इथे लावलंय ते त्याचे चंद्र आपल्याला कुठल्या बाजूने दिसतील ते काढायला. कोन तोच.

यानंतर एक भाग जुन्या पंचांगात कुठेच नाही, तो म्हणजे डीमधून डेल्टा भागिले १७३ वजा करणं. प्रकाश दिवसाला १७३ खगोलीय एकक जातो (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). गुरू जवळ असताना प्रकाशाला पस्तीसेक मिनिटं लागतात, लांब असताना पन्नासच्या वर. डॅनिश खगोलज्ञ रोमरने १६७६ मधे आयोच्या ग्रहणांवरूनच हे ओळखलं की प्रकाशाला वेळ लागतो. पोरांना ही ओळ खोडून चालवून दाखवा, आयो पाच-सात अंश पुढे पळालेला दिसेल. माझ्या मते अख्ख्या सूत्रातली सगळ्यात सुंदर ओळ हीच.

आणि आता आकडे बरोबर टाइप झालेत का ते तपासायची युक्ती. दुरुस्त्या लावायच्या आधीचे तीन कोन घ्या, आयोचा यू१, युरोपाचा यू२, गॅनिमीडचा यू३. यू१ वजा ३ यू२ अधिक २ यू३ करा. कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी उत्तर १८० अंश आलं पाहिजे. फ्रेंच गणिती लाप्लासने दाखवलेलं बंधन आहे हे, तिघे एकमेकांना असे बांधलेले आहेत की एकाच वेळी तिघेही गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. मंदफल शीघ्रफल तिन्ही कोनांत सारखंच मिळवलेलं असतं आणि १ वजा ३ अधिक २ शून्य, म्हणून ते आपोआप उडून जातं.

धूमकेतू_नाशिक

@अहर्गण काका, फार छान लिहिलंत, मंदफल-शीघ्रफलाचं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. एकच जोडतो. ही १८० ची परीक्षा वेळेची चूक पकडत नाही, कारण वेळ पुढे-मागे झाली तरी तिघांच्या गतींचं तेच गणित शून्य येतं. म्हणजे मिरजकरांचं साडेपाच तासांचं भूत असतानाही १८० च आलं असतं. आणि कॅलिस्टो त्यात नाहीच, त्याचा आकडा चुकला असेल तर कळणार नाही.

म्हणून एक ठरलेली तारीखही तपासा. १६ डिसेंबर १९९२, ० तास जागतिक वेळ. पृथ्वीच्या फिरण्यावरची वेळ आणि एकसारखी चालणारी वेळ यांतला त्या सुमाराचा ५९ सेकंदांचा फरक मिळवला की डी = −२५७२.४९९३२. गुरूच्या त्रिज्येत एक्स (गुरूच्या मध्यापासूनचं आडवं अंतर) यायला हवेत असे: आयो −३.४४, युरोपा +७.४४, गॅनिमीड +१.२४, कॅलिस्टो +७.०८. मी आत्ता कागदावर करून बघितलं, जुळतात. दुरुस्त्यांआधीचे कोन ३२४.५४, ५१.२८ आणि ४.६५ येतात. ३२४.५४ वजा १५३.८४ अधिक ९.३०, बरोब्बर १८०.

रात्रपाळी

मधेच एक प्रश्न. हे सगळं हाताने लावण्यापेक्षा नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेकडून वर्षभराच्या जागा घेऊन त्यावर चेबिशेव्ह बहुपदी (वक्र रेषेला तुकड्यातुकड्याने जुळवायची सूत्रं) बसवल्या तर जास्त अचूक होणार नाही का? ग्रहांच्या फाइली तशाच असतात ना. आणि मला ग्रहणांच्या वेळा हव्यात, आयो सावलीत कधी शिरतो ते मिनिटापर्यंत, ते या सूत्राने होईल?

सर्किटवाली

चेबिशेव्ह उत्तम पद्धत आहे, कॉम्प्युटरवर करायचं असेल तर मीही तीच घेईन. पण आयो पावणेदोन दिवसांत, १.७६९, एक फेरी मारतो. बहुपदीला वळणं जमत नाहीत फार, म्हणजे तुकडे दिवसाच्या आसपास लांबीचे करावे लागणार, प्रत्येक तुकड्याला एक्स-वायचे मिळून डझन-दोन डझन गुणक, वर्षाचे शेकडो तुकडे, गुणिले चार चंद्र (बाहेरच्यांना तुकडे लांब चालतील, तरी). उनोमधे सगळी मिळून ३२ किलोबाइट जागा. आणि वर्ष संपलं की डबी मुकी. या सूत्रात सगळे मिळून पन्नासेक आकडे आहेत आणि आपली नातवंडंसुद्धा तीच डबी वापरतील. गती आधीच माहीत असेल तर ती बहुपदीला नव्याने शिकवत बसायची कशाला, वर्तुळ साइनलाच देऊन टाकावं असं माझं ठाम मत आहे.

ग्रहणाचं अहर्गण काकाच सांगतील.

अहर्गण

सांगतो. आयो एक अंश जायला सात मिनिटं घेतो. या छोट्या सूत्रात अंशाचे दशांश इकडेतिकडे होतात, तेव्हा मिनिटाचा भरवसा नाही. कॅलिस्टो तर अंशाला तासाच्या वर घेतो. ग्रहणांसाठी लीस्के यांचा पूर्ण सिद्धांत घ्यावा लागतो, सॅम्पसनच्या १९२१ च्या सिद्धांतावर बांधलेला, त्यात प्रत्येक चंद्राला पदांची लांबच लांब यादी आहे. तेही फोनवर सहज चालतं.

पण साधारण कुठे शोधायचं ते या सूत्रानेही कळतं. ग्रहण म्हणजे सूर्यावरून बघणं, मग कोनातून साय काढून टाका. शीघ्रफल न लावलेला कोन १८० जवळ आला की चंद्र सावलीकडे निघाला. प्रतियुतीच्या (गुरू सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येण्याच्या) आधी सावली पश्चिमेकडे पडते, म्हणून आयो गुरूपासून थोडा लांब असतानाच विझल्यासारखा नाहीसा होतो. तेव्हा त्याचं शिरणं दिसतं, बाहेर येणं गुरूच्या मागे लपतं. प्रतियुतीनंतर उलट.

जाता जाता दुरुस्त्यांचं. आयोला ०.४७३, युरोपाला १.०६५, कॅलिस्टोला ०.८४३, हे गुणक कुठून आले असं पोरं विचारतील. कक्षेच्या विकेंद्रतेची (लंबगोलाईच्या मापाची) दुप्पट आणि तिचे अंश केले की तेच. आयोची ०.००४१, दुप्पट ०.००८२, गुणिले ५७.३. बघा करून. पण आयोच्या दुरुस्तीत कोन आहे २ (यू१ − यू२), त्याच्या स्वतःच्या कक्षेचा नाहीच! म्हणजे ही लंबगोलाई त्याची स्वतःची नव्हे, युरोपाने लादलेली. अठराव्या शतकात इंग्लंडच्या ब्रॅडली आणि स्वीडनच्या वार्गेंटिनला निव्वळ ग्रहणांच्या नोंदींतून दिसलं होतं की पुढेमागे होण्याचा क्रम ४३७ दिवसांनी परत तसाच येतो, कारण मात्र नंतर लाप्लासने सांगितलं. त्याच लादलेल्या लंबगोलाईमुळे आयो आतून पिळला जातो आणि तापतो. १९७९ मधे पील, कॅसेन आणि रेनॉल्ड्स यांनी हे गणिताने छापलं आणि लगेच मार्चमधे व्हॉयेजर १ यानाच्या फोटोत ज्वालामुखी सापडला. तुमच्या डबीतला तो ०.४७३ हा आकडा काढला तर डिस्प्लेवर काही कळणारसुद्धा नाही, पण ठेवा तो.

मिरजकर_११४

काका, ठेवला. आणि पोरांनी काढून बघितला, परत घातला.

साडेपाच तास हीच चूक होती, धूमकेतूजी. आता स्टेलारियमशी चारही जुळतात. १९९२ ची तारीख टाकली तर −३.४४, ७.४४, १.२४, ७.०८ हुबेहूब आले, नववीतल्या एका मुलीने ते फळ्यावर लिहून ठेवलंय. १८० ची परीक्षा डिस्प्लेच्या कोपऱ्यात कायमची लावली, १७९.९९ ते १८०.०१ मधे फिरते. मजा म्हणजे त्यातून एक चूक सापडलीच, युरोपाच्या सुरुवातीच्या ३५८.४१४ ऐवजी ३५८.४४१ पडलं होतं, उत्तर १७९.९२ यायचं. तिघांनी वाचूनही निसटलेलं.

आता शेवटचं विचारतो. काल गच्चीवर ११४ मिलिमीटरच्या न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीतून बघितलं तर डबीवर जो उजवीकडे तो दुर्बिणीत डावीकडे. अंतरं बरोबर, बाजू उलटी. चिन्ह बदलू का?

धूमकेतू_नाशिक

सूत्रात बदलू नका, फक्त चित्र काढताना बदला. एक्स अधिक म्हणजे पश्चिम. साध्या डोळ्यांनी किंवा बायनॉक्युलरने दक्षिणेकडे तोंड करून बघितलं तर पश्चिम उजवीकडे. न्यूटोनियनमधे चित्र अर्धं वर्तुळ फिरलेलं असतं, म्हणून पश्चिम डावीकडे आणि उत्तर खाली, तेव्हा वायचंही चिन्ह फिरवा. कुणी डायगोनल (नजर काटकोनात वळवणारा आरसा) लावलेली लेन्सची दुर्बीण आणली तर त्यात उत्तर वरच राहते पण डावं-उजवं आरशासारखं बदलतं. डबीला एक तीन खाचांचं बटण लावा, बायनॉक्युलर, न्यूटोनियन, डायगोनल.

मिरजकर_११४

बटण आहे घरात एक. आज रात्री बसवतो.